१९५१ : जॅझ गावात आला ते साल

पळसदेवला जॅझचा क्लब कधी नव्हता. इंदापूर तालुक्यातलं हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावरचं. उजनी धरण झालं तेव्हा जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि माणसं वरच्या अंगाला येऊन वसली. कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडतं आणि ते पाहायला लांबून लोक येतात. एरवी इथलं बोलणं ऊस, पाणी आणि मासळीचं. अशा गावाचा आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या संगीताचा काही संबंध असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

संबंध आहे, आणि तो जुना आहे. आमच्या भागातल्या वरातीत बँडवाले ‘शोला जो भडके’ किंवा ‘भोली सूरत’ धरतात आणि कॉर्नेटवाला पुढे होतो, तेव्हा शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये रुजलेल्या वादनशैलीचा एक धागा त्या रस्त्यावर वाजत असतो. हा धागा इथवर आणणारं साल म्हणजे १९५१, आणि चित्रपट ‘अलबेला’. जॅझचे अभ्यासक १९५९ हे सोन्याचं साल मानतात, कारण माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ त्या वर्षीचे. मराठी मुलखापुरतं मात्र मानाचं पान १९५१ला द्यावं लागेल, असं माझं ठाम मत आहे.

ताजमहाल हॉटेल ते धोबीतलाव

मुंबईत जॅझ आला तो श्रीमंतांच्या दारानं. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हेही मुंबईत गाजले. वेदरफोर्ड १९२०च्या दशकात शिकागोमध्ये अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात होता आणि तिथे त्याच्या जोडीला लुई आर्मस्ट्राँग वाजवत असे. म्हणजे जॅझच्या मूळ प्रवाहातली माणसं गेटवे ऑफ इंडियासमोर वाजवत होती. त्यांच्यासमोर नाचणारे लोक संस्थानिक, साहेब आणि बडे पारशी होते. पण त्यांना खरं कान देऊन ऐकत होते ते गोव्याचे वादक.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना संगीत शिकवण्याची पद्धत होती. तिथला मेस्त्री पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवी आणि हातात व्हायोलिन देई. गावच्या फेस्ताला बँड लागे, तेव्हा पितळी वाद्यंही ओळखीची होत. मात्र गोव्यात या विद्येवर पोट भरत नव्हतं. ही मुलं मुंबईला येत, धोबीतलाव परिसरातल्या आपापल्या गावच्या ‘कुडां’त, म्हणजे सामाईक वसतिगृहांत, उतरत आणि हॉटेल, जिमखाना, मूकपटांची थिएटरं असं मिळेल तिथे वाजवत. कागदावरचं संगीत पाहताक्षणी वाजवण्याची त्यांची हातोटी त्या काळच्या इतर भारतीय वादकांत क्वचितच सापडे.

यांतलाच एक अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गाव बारदेशातलं आल्दोना. मुंबईनं त्याला ओळखलं ते ‘चिक चॉकलेट’ या नावानं. ट्रम्पेट वाजवण्याची ढब, गळ्यातली खरखर, रंगमंचावरचा वावर सगळं आर्मस्ट्राँगच्या वळणाचं, म्हणून त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. स्वतःचा बँड बांधून तो मोठ्या हॉटेलांत गाजला.

मग दिवस पालटले. १९४७नंतर गोरे साहेब गेले, संस्थानं विलीन झाली. १९४९मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि पाठोपाठ मुंबई राज्यात कडक दारूबंदी आली. हॉटेलांतल्या नाचगाण्याच्या रात्रींना उतरती कळा लागली. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते आणि त्यांना लिपी वाचून वाजवणारे हात हवे होते. हॉटेलातला वादक स्टुडिओत आला तो पोटासाठी. संगीताच्या दृष्टीनं हे स्थलांतर फार मोलाचं ठरलं.

पुणतांब्याचे अण्णा, गिरणगावचे दादा

स्टुडिओत या वादकांची गाठ पडली रामचंद्र नरहर चितळकरांशी. सी. रामचंद्र म्हणजे सगळ्यांचे अण्णा. जन्म १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. नागपुरात शंकरराव सप्रे आणि पुढे गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय गाण्याचं शिक्षण घेतलं. ‘नागानंद’ या चित्रपटात नायक म्हणून नशीब अजमावलं, ते जमलं नाही, तेव्हा सोहराब मोदींच्या मिनर्व्हामध्ये पेटी वाजवू लागले. त्यांना संगीतकार म्हणून उभं केलं ते भगवान पालव यांनी. भगवानदादांच्या तमिळ चित्रपटांपासून ही जोडी जमली आणि १९४२च्या ‘सुखी जीवन’नं हिंदीत आली.

भगवानदादा गिरणी कामगाराचे पुत्र. १९१३चा जन्म, वाढले मुंबईच्या गिरणगावात. अंगापिंडानं पैलवानी, मूकपटांपासून कामाला लागलेले. कमी पैशात मारधाडीचे चित्रपट काढायचे आणि ते कामगार वस्तीतल्या थिएटरांत चालायचे, असा त्यांचा धंदा. सामाजिक विषयावर चित्रपट काढण्याचा सल्ला त्यांना राज कपूरनं दिला आणि त्यातून ‘अलबेला’ जन्मला. नाटकात नाव काढण्याचं वेड लागलेला गरीब घरचा प्यारेलाल, ही भूमिका त्यांनी स्वतः केली. नायिका गीता बाली, गीतं राजेंद्र कृष्ण यांची.

अण्णा परदेशी तबकड्या मन लावून ऐकत. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९४७च्या ‘शहनाई’तल्या ‘आना मेरी जान’ या गाण्यानं त्यांनी पाश्चात्त्य ठेक्याची चुणूक दाखवली होती. १९५०च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एका अमेरिकी चित्रपटगीताच्या चालीवर बेतलेलं होतं आणि त्यात चिक चॉकलेट त्यांच्या जोडीला होते. ‘अलबेला’त मात्र परकी चाल उसनी घेण्यापलीकडे काहीतरी घडलं. दोन संगीतांचं तिथे एकमेकांशी बोलणं सुरू झालं.

‘शोला’त काय वाजतं

‘शोला जो भडके’ पुन्हा ऐकावं आणि या वेळी गायकांकडे दुर्लक्ष करावं. बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ओबो ही यातली मुख्य वाद्यं. ठेका क्युबाच्या वळणाचा आहे. अमेरिकेत डिझी गिलेस्पीनं १९४७च्या सुमारास क्युबाचा तालवादक चानो पोझो याला बरोबर घेऊन हाच संकर घडवला होता. थोड्याच वर्षांत तो मुंबईच्या स्टुडिओत पोचला आणि तिथून थेट हिंदी गाण्यात उतरला. अण्णांनी भगवानदादांसाठी ‘चितळकर’ या नावानं स्वतः गायलं, सोबत लता मंगेशकर. चिक आणि त्यांचे वादक या चित्रपटात पडद्यावरही दिसतात.

गायकानं ओळ टाकायची आणि वाद्यांनी ती उचलून उत्तर द्यायचं, हा जॅझचा पाया. तो आफ्रिकी गुलामांच्या शेतातल्या गाण्यांतून आणि चर्चमधल्या प्रार्थनांतून आला. मराठी श्रोत्याला तो परका वाटला नाही, कारण भजनात बुवा ओळ सांगतो आणि टाळकरी ती झेलतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ‘अलबेला’ची गाणी शहरात गाजली तशी खेड्यातही पचली, याचं एक कारण मला इथे दिसतं. अण्णांनी चाल मुळात देशी ठेवली आणि जॅझ भरला तो दोन ओळींमधल्या जागांत. त्याच चित्रपटात ‘धीरे से आजा री’सारखी पिलूच्या अंगाची अंगाईही आहे.

तरीही या संगीताला निखळ जॅझ म्हणता येणार नाही. जॅझचा प्राण आहे आयत्या वेळची उपज, आणि आपल्या रागसंगीताचाही तोच. गंमत अशी की उपज जाणणाऱ्या या दोन परंपरा स्टुडिओत भेटल्या आणि दोघींनाही ती बाजूला ठेवावी लागली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. संगीतकार चाल गाऊन दाखवी, अरेंजर ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा कागद लिही, आणि वादक कागदाबरहुकूम वाजवत. स्वातंत्र्य उरे ते फुंकीत : सूर कुठे दाबायचा, कुठे किंचित मागे रेंगाळायचं, कुठे खरखरीत सोडायचा. त्या चार-सहा मात्रांत ट्रम्पेटवाल्यानं आपली सगळी हॉटेलातली वर्षं ओतलेली ऐकू येतात.

तबकडीवरून वरातीत

१९५१मध्येच ‘बाझी’ आणि ‘आवारा’ही आले आणि नव्या धाटणीच्या वाद्यवृंदाची गोडी सगळीकडे लागली. विरोधही झाला. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला आधार मोठा होता, हे मान्यच करायला हवं. पण ज्या गाण्यांना दार लावलं ती रेडिओ सिलोनवरून परत आली. १९५२च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि शॉर्टवेव्हवर लोक कान लावून बसू लागले. १९५७मध्ये विविध भारती निघाली तेव्हा आकाशवाणीनंही ही गाणी पुन्हा जवळ केली.

खेड्यात आणखी दोन वाटा होत्या. जत्रेतला तंबू सिनेमा ही एक आणि लग्नातला बँड ही दुसरी. बँडच्या हाती आधीच लष्करी बँडकडून आलेली क्लॅरिनेट आणि पितळी वाद्यं होती. ‘अलबेला’ची गाणी मुळात याच जातीच्या वाद्यांसाठी रचलेली, त्यामुळे ती बँडवर चपखल बसली. भगवानदादांची पावलंही तशीच. खांदे सैल सोडून, हात हलवत, जागच्या जागी दोन पावलं टाकायची, एवढंच. शिकलेला नर्तक असण्याची गरज नाही. वरातीत नाचणाऱ्याला कष्टकरी अंगाला झेपणारा नाच त्यांनी दिला, आणि पुढे अमिताभ बच्चननंही त्यांची ही ढब उचलली.

कोणाचं नाव राहिलं

डेव्ह ब्रुबेक १९५८मध्ये मुंबईला आला आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसून त्यानं वाजवलं. १९६३मध्ये ड्यूक एलिंग्टन आला, १९६४मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग. या भेटींची नोंद इतिहासात ठळक आहे. पण तोवर जॅझचा ठेका मराठी खेड्यात रुळून दशक उलटलं होतं आणि त्याची नोंद कुणी फारशी ठेवली नाही.

अण्णांचं नाव राहिलं. ‘ईना मीना डीका’पासून ‘घरकुल’च्या मराठी गाण्यांपर्यंत त्यांचा पट मोठा, आणि १९८२मध्ये ते गेले तेव्हा देश हळहळला. भगवानदादांचं नावही राहिलं, पण हाल फार झाले. पुढचे चित्रपट पडले, जुहूचा बंगला आणि गाड्या गेल्या, पुन्हा दादरच्या चाळीत राहावं लागलं. २००२मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. २०१६च्या ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटानं त्यांची आठवण जागवली.

चिक चॉकलेट १९६७मध्ये गेले. त्यांचं नाव आज मराठी घरांत कुणाला ठाऊक आहे? अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड या अरेंजरांचीही तीच गत. गोन्साल्विस आठवतात ते त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी १९७७मध्ये त्यांच्या नावाचं गाणं केलं म्हणून. तबकडीवर संगीतकार आणि गायक छापले जात, अरेंजर आणि वादक नाही. ज्यांच्या लेखणीतून आणि फुंकीतून ते गाणं उभं राहिलं, ते नोकरीच्या हिशेबात रोजंदारीवरचे. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकानं या वादकांना पुष्कळ न्याय दिला. मराठीत तेवढ्या तोलाचं काम व्हायला हवं.

हे काम मुंबईपुरतं नाही. इंदापूर, बारामती, दौंड, करमाळा या पट्ट्यात ज्या बँड पार्ट्या होऊन गेल्या, त्यांच्या उस्तादांनी ‘अलबेला’ची गाणी कशी बसवली, क्लॅरिनेटवाल्यानं सॅक्सोफोनची जागा कशी भरून काढली, हे सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. महाविद्यालयांच्या मराठी आणि संगीत विभागांनी ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या दारी जावं. पोवाडा आणि लावणी जपण्यासाठी आपण जी आस्था दाखवली, तीच या वादकांनाही दाखवावी. आल्दोनाचा ट्रम्पेटवाला आणि पळसदेवकडचा बँडवाला एकाच परंपरेचे मानकरी आहेत, आणि मराठी संगीताच्या इतिहासात दोघांची नावं एका पानावर यायला हवीत.