ग्लेझची वही

मातीकामाचं नाव काढलं की लोकांना पहिल्यांदा चाक दिसतं. फिरता गोळा, ओले हात, बघता बघता वर चढणारी भिंत. ते देखणं असतंच. पण सराव नेटाने केला तर वर्ष-दोन वर्षांत हात चाकावर बसतो. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरची काचेरी झिलई, आणि भट्टी यांचं तसं नाही. तिथे माणूस आयुष्यभर शिकत राहतो. आपल्याकडे स्टुडिओ पॉटरी रुजली ती हे अवघड ज्ञान वहीत उतरवून ती वही दुसऱ्यापुढे उघडी ठेवणाऱ्यांमुळे, असं मी मानतो.

सुरुवात मुंबईतही झाली होती. १८७०च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने सिंधी परंपरेच्या वळणाने झिलईदार भांडी घडू लागली. पुढे त्यांच्यावर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या आकृती आल्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या काळातली मुंबईची भांडी आजही पाहता येतात. जरूर पाहावीत.

स्टुडिओ पॉटरीचा आजचा प्रवाह मात्र दिल्लीकडून आला. भूगर्भशास्त्र शिकलेले गुरुचरण सिंग १९१९ साली जपानला गेले. तिथे त्यांची गाठ बर्नार्ड लीच, शोजी हमादा आणि यानागी यांच्याशी पडली. कारखान्यातल्या एकसारख्या मालाच्या काळात हाताने घडवलेल्या रोजच्या भांड्याला मान मिळावा, असं मानणारी ही मंडळी. १९५२ साली सिंगांनी ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ उभी केली आणि अखेरपर्यंत शिकवत राहिले. १९७१मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी पाँडिचेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. तिथून शिकून गेलेल्यांचे स्टुडिओ आज देशभर आहेत. बडोद्याच्या विद्यापीठात ज्योत्स्ना भट्ट यांनी अनेक वर्षं विद्यार्थी घडवले. बिहारमधल्या कुंभार घराण्यातून आलेल्या ब्रह्मदेव पंडितांनी भाईंदरला आपला स्टुडिओ उभारला आणि उच्च तापमानाच्या भांड्यांत नाव कमावलं. २०१३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्यांत मला अधिक जवळचं वाटतं ते निर्मला पटवर्धन यांचं काम. १९८४ साली त्यांचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ आलं. परदेशी पुस्तकातली कृती जशीच्या तशी वापरली की इथे फसते, कारण तिकडचा फेल्डस्पार वेगळा, चायना क्ले वेगळी, काही दगड तर आपल्या बाजारात मिळतच नाहीत. इथल्या मालावर चाचण्या करून त्यांनी त्या कृती पुस्तकात खुल्या केल्या. ज्या धंद्यात ग्लेझचं प्रमाण बाप मुलाला सांगतो आणि बाकी कुणाला नाही, तिथे हे मोठं औदार्य होतं.

नवशिक्याने कुठून सुरुवात करावी? लीच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार-तीन-दोन-एकपासून. फेल्डस्पार ४० भाग, क्वार्ट्‌झ ३०, व्हायटिंग म्हणजे खडूची भुकटी २० आणि चायना क्ले १०. क्वार्ट्‌झची काच होते. व्हायटिंग आणि फेल्डस्पारमधला पोटॅश तिला वितळवतात. चायना क्लेतलं अ‍ॅल्युमिना ती काच ओघळू देत नाही. साधारण १२५० ते १२८० अंशांना भांड्यावर स्वच्छ पारदर्शक थर येतो. यातच एक-दोन टक्के आयर्न ऑक्साइड घाला आणि भट्टीत हवा कमी ठेवा, तर सेलाडॉनचा निळसर हिरवा रंग मिळतो. हवा भरपूर ठेवलीत तर तोच ग्लेझ फिक्कट पिवळा होतो. लोह आठ-दहा टक्क्यांवर नेलं की काळा-तपकिरी तेनमोकू.

हवा कमी ठेवण्याची ही पायरी, म्हणजे रिडक्शन, भट्टीपाशी उभं राहूनच कळते. हजार अंशांच्या आसपास डँपर, म्हणजे धुराड्याची वाट अडवणारी पट्टी, थोडा आत सारायचा. धुराड्याची ओढ मंदावते, अपुऱ्या हवेत गॅस नीट जळत नाही आणि निरीक्षणाच्या भोकातून पिवळी ज्योत जिभेसारखी बाहेर लवलवते. आत तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड ग्लेझमधल्या लोहाचा ऑक्सिजन ओढून घेतो, आणि रंग बदलतो तो यामुळे. हा वायू विषारी आहे, तेव्हा भट्टी मोकळ्या हवेतच हवी. नंतर नजर कोनवर, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या छोट्या शंकूंवर. नवव्या क्रमांकाचा वाकला आणि दहाव्याचं टोक झुकू लागलं की बर्नर बंद करायचे. थंड करताना घाई नको: ५७३ अंशांना क्वार्ट्‌झचं आकारमान एकदम बदलतं, त्या टप्प्यावर भट्टी उघडली तर चांगलं भांडं तडकतं. टिचकी मारली की बद्द आवाज येतो.

महाराष्ट्रातल्या पॉटरने एक गोष्ट आवर्जून करून पाहावी. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. खडीच्या क्रशरपाशी त्याची भुकटी ढिगाने पडलेली असते. निम्म्याच्या आसपास सिलिका, शिवाय लोह आणि कॅल्शियम, म्हणजे ग्लेझचा बराचसा ऐवज निसर्गानेच एकत्र केलेला. बारीक चाळणीतून गाळून, पाण्यात कालवून लावली तर स्टोनवेअरच्या, म्हणजे वर सांगितलेल्या साडेबाराशेच्या पुढच्या, तापमानाला ती स्वतःच गडद काचेसारखी वितळते. फेल्डस्पारबरोबर तिचं प्रमाण दहा-दहा टक्क्यांनी बदलत अकरा तुकडे भाजा. तुकडे उभे ठेवा, म्हणजे ओघळ दिसतो. प्रत्येकावर आयर्न ऑक्साइडने क्रमांक घाला आणि वहीत खाणीचं नावही लिहा, कारण खाण बदलली की रंग बदलतो. राखेचंही तसंच. लाकडाच्या राखेत कॅल्शियम जास्त, ती ग्लेझ वितळवते; कोकणात मुबलक असलेल्या भाताच्या तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांपर्यंत सिलिका, ती ग्लेझला दुधाळ, घट्ट करते.

ज्ञान फक्त स्टुडिओत नसतं. कुंभाराची मटकी साधारण ७०० ते ९०० अंशांना भाजतात. ती सच्छिद्र राहते, पाणी झिरपतं, म्हणून गार होतं. धारावीच्या कुंभारवाड्यात कापसाच्या वाया गेलेल्या चिंध्यांवर भट्ट्या पेटत आल्या आहेत. स्टुडिओवाल्यांनी या ज्ञानाला कमी लेखू नये. ते वहीत नाही, हातात आहे, आणि म्हणूनच ते लवकर हरवेल याची मला काळजी वाटते. २०१८मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारतातलं पहिलं सिरॅमिक्स ट्रायनाले, म्हणजे मातीकामाचं त्रैवार्षिक प्रदर्शन, भरलं, मातीतल्या शिल्पांना आणि मांडणीशिल्पांना मोठं दालन मिळालं. अशा व्यासपीठावर कुंभारवाड्यालाही बरोबरीची जागा मिळायला हवी.

शेवटी सुरक्षेचं. कोरडा ग्लेझ हाताळताना मास्क हवाच, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. शिसं आणि बेरियम जेवणाच्या भांड्यांपासून दूर ठेवावं. नवा ग्लेझ जमला की त्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग किंवा चकाकी उतरलेली दिसली तर ते भांडं फुलांना द्या. डाग पडला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. भांडी विकायची असतील तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या आणि तो निकाल वहीत त्या कृतीसमोरच चिकटवा.