पाण्याखालीं बोलावें कसें?

कोंकणांत सहलीला जाणाऱ्या कुटुंबांतील तरुण मंडळींचें समाधान आतां सिंधुदुर्ग किल्ला पाहून व तारकर्लीच्या वाळूंत बसून होत नाहीं. पाठीवर दाबलेल्या हवेचें नळकांडें बांधावें, डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवावा आणि पाण्यांत बुडी घेऊन प्रवाळ व रंगीबेरंगी मासे पाहावे, त्याशिवाय मालवणची वारी पुरी झाली असें त्यांना वाटत नाहीं. या क्रीडेला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तारकर्लीस या विद्येचें शिक्षण देणारी संस्थाहि काढलेली आहे. मुलें-मुली आनंदानें उडी घेतात. होडींत बसून राहिलेल्या आईबापांच्या मनांत मात्र एकच प्रश्न घोळत असतो. घरांत, रस्त्यांत, गर्दींत मूल संकटांत सांपडलें तर तें हांक मारतें. तेथें, त्या हिरव्या पाण्याखालीं, तें हांक कशी मारणार?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. पाण्यांत ध्वनि कसा जातो याचा शोध शास्त्रज्ञ दोनशें वर्षें घेत आले आहेत, आणि त्या शोधाचें फळ म्हणून हौशी पाणबुड्यांसाठीं बोलण्याचीं यंत्रेंहि निघालीं आहेत. तीं कशीं चालतात, कोठें फसतात आणि त्यांवर कितपत विसंबावें, एवढें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

हातांची भाषा

स्कूबाच्या साधनाला आजचें रूप आलें तें १९४३ सालीं, फ्रान्समध्यें. झाक कूस्तो हे आरमारी अधिकारी व एमिल गान्यां हे इंजिनियर, या दोघांनीं मिळून एक झडप सिद्ध केली. श्वास घेतांच लागेल तेवढीच हवा, भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबानें, ती तोंडांत सोडते. आज तिला रेग्युलेटर म्हणतात. या झडपेनें मनुष्याला माशासारखें स्वैर हिंडतां येऊं लागलें खरें. परंतु तिचा रबरी तुकडा सतत दांतांत धरून ठेवावा लागत असल्यामुळें त्याची वाचा गेली. कूस्तो यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाला 'मूक जग' अशा अर्थाचें नांव दिलें. पाणबुड्याच्या बाबतींत तें अक्षरशः खरें होतें.

वाचा गेली तेथें हात पुढें आला. अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ केलें म्हणजे 'सर्व ठीक'. आडवा तळहात गळ्यापुढून फिरविला म्हणजे 'माझी हवा संपली'. अंगठा वर केला म्हणजे 'वर चला'. या शेवटल्या खुणेची गंमत अशी कीं, जमिनीवर आपण तीच खूण 'छान, शाबास' अशा अर्थीं करतों. नवशिका पोर आनंदानें अंगठा दाखवितो आणि गुरुजी त्याला घेऊन मुकाट्यानें वर येऊं लागतात! ही हस्तभाषा सोपी व भरंवशाची आहे. तिचा दोष एकच, पण तो मोठा आहे. ती डोळ्यांनीं ऐकावी लागते. सोबत्यानें पाठ फिरविली असेल, पाणी गढूळ असेल, किंवा रात्र असेल, तर खूण करणारा आणि मुका यांत कांहीं भेद उरत नाहीं.

ध्वनि पाण्यांत कसा धांवतो

पाणी ध्वनीचें शत्रु आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति उलट आहे. १८२६ सालीं स्वित्झर्लंडच्या सीमेवरील जिनिव्हा सरोवरांत कोलादों व स्टुर्म या दोन विद्वानांनीं एक सुंदर प्रयोग केला. एका नौकेखालीं पाण्यांत घांट टांगली आणि तिच्यावर हातोडा पडतांच नौकेवरील दारूहि पेटावी अशी योजना केली. सुमारें साडेतेरा किलोमीटर अंतरावर दुसऱ्या नौकेंत लांब कर्णा पाण्यांत सोडून कोलादों कान लावून बसले. उजेड दिसल्यापासून नाद कानीं येईपर्यंत नऊ सेकंदांहून थोडा अधिक वेळ गेला. यावरून ८ अंश उष्णतेच्या पाण्यांत ध्वनीचा वेग सेकंदाला १४३५ मीटर निघाला. म्हणजे हवेंतील वेगाच्या चौपटीहून अधिक!

मग पाणबुड्याची हांक कां पोंचत नाहीं? कारण हांक हवेंत जन्मते आणि तिला पाण्यांत शिरावें लागतें. हवा व पाणी यांच्या सीमेवर ध्वनीचा बहुतेक सारा भाग मागें परततो. हजारांतला जेमतेम एक भाग आंत शिरतो. म्हणूनच होडींतल्या आईची हांक तळाशीं ऐकूं येत नाहीं, आणि तळाशीं असलेल्या मुलाचा शब्द बुडबुड्यांतच विरून जातो. बिनतारी विद्युल्लहरींचा उपाय येथें चालत नाहीं. समुद्राचें खारें पाणी त्या लहरी गिळून टाकतें. खिशांतला मोबाइल फोन मुंबईहून लंडनला बोलेल. पण त्याला जलाभेद्य पिशवींत घालून दोन पुरुष खोल नेला कीं तो मुका झाला!

तेव्हां मार्ग एकच उरतो. मुखांतून निघालेल्या शब्दाचें विजेंत रूपांतर करावें, आणि त्या विजेनें थेट पाण्यालाच कंप द्यावा.

यंत्राची घडण

हा मार्ग प्रथम चोखाळला तो युद्धनौकांनीं. १९४५ च्या सुमारास अमेरिकन आरमारानें पाणबुडी नौकांसाठीं पाण्यांतला टेलिफोन तयार केला. खलाशांनीं त्याला 'गर्ट्रूड' असें बाईचें नांव दिलें. मनुष्याचा आवाज जशाचा तसा न सोडतां तो सेकंदाला सुमारें ८,००० कंपनांच्या वाहक लहरीवर बसवून पाठवावा, अशी त्याची युक्ति होती. हौशी पाणबुड्याचें यंत्र हें या गर्ट्रूडचेंच धाकटें भावंड होय.

या धाकट्या यंत्रांत वाहक लहर सेकंदाला सुमारें ३२,००० कंपनांची असते. कांहीं यंत्रांत नेमकी ३२,७६८. मनगटावरील घड्याळांतील स्फटिकाचीं कंपनेंहि इतकींच असतात, हें वाचून मौज वाटेल. मनुष्याचा कान २०,००० च्या पलीकडे बहिरा असल्यामुळें ही लहर नुसत्या कानाला ऐकूं येत नाहीं. सोबत्याजवळचें यंत्र ती पकडून तिच्यावरचा आवाज पुन्हां मोकळा करून देतें. इतकी उंच लहर निवडण्याचें कारण असें कीं, होडीचें इंजिन, लाटा व बुडबुडे यांचा गोंगाट बहुतांशीं खालच्या पट्टींत असतो. उलटपक्षीं, लहर जितकी उंच तितकी ती पाण्यांत लवकर शोषली जाते. त्यामुळें शांत पाण्यांत हा आवाज कांहीं शें मीटर जातो, खवळलेल्या पाण्यांत त्याहून पुष्कळ कमी.

कॅलिफोर्नियांतील ओशन टेक्नॉलॉजी सिस्टिम्स आणि मूळची इटलींतील ओशन रीफ, या दोन कंपन्यांचीं यंत्रें या क्षेत्रांत प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पद्धतींत सबंध चेहरा झांकणारा मुखवटा वापरतात. नाक, तोंड आणि डोळे त्याच्या आंत राहतात. हवा मुखवट्यांतच येते. म्हणून दांतांत कांहीं धरावें लागत नाहीं आणि ओठ मोकळे राहतात. तोंडाजवळ लहानसा मायक्रोफोन आणि कानाजवळ श्रवणयंत्र असतें. कळ दाबून बोलावयाचें, सोडून ऐकावयाचें. एका वेळीं एकानेंच बोलावें लागतें. दोघे एकदम बोलले तर दोघांचेंहि बोलणें फुकट जातें. होडीवरून तार लोंबकळत सोडून वरच्या माणसालाहि या संभाषणांत भाग घेतां येतो. आईबापांच्या दृष्टीनें यंत्राचा हा सर्वांत मोठा गुण होय.

जपानांतील यामागाता कॅसिओ कंपनीनें 'लोगोसीझ' नांवाचें एक निराळें यंत्र काढलें होतें. मुठींत मावेल असा तो डबा साध्या मुखवट्याच्या पट्ट्याला अडकवावयाचा. आवाज कानाच्या वाटेनें न देतां तो कवटीच्या हाडांतून आंत पोंचवीत असे. यांत रेग्युलेटर दांतांत तसाच ठेवून बोलावें लागे. आणि येथेंच व्याकरण आडवें येतें.

ओष्ठ्य वर्णांची अडचण

आपल्या वैयाकरणांनीं वर्णांचीं स्थानें कंठ, तालु, मूर्धा, दंत व ओष्ठ अशीं सांगितलीं आहेत. रबरी तुकडा दांतांत धरला कीं ओठ मिटत नाहींत, आणि ओठ मिटल्याशिवाय प, फ, ब, भ, म यांतील एकहि वर्ण उमटत नाहीं. वरचे दांत खालच्या ओठाला लागत नाहींत, म्हणून आपला 'व' हि जातो. त, थ, द, ध अस्पष्ट होतात. कंठ्य व मूर्धन्य वर्ण तेवढे बरेचसे शाबूत राहतात.

आतां संकटकाळीं लागणारे शब्द पाहा: मदत, हवा, वर, थांबा, संपली. एकहि शब्द ओठांवांचून पुरा होत नाहीं! 'हवा संपली' याचें 'हआ संहली' असें कांहीं तरी होईल. 'खालीं', 'चला', 'ठीक', 'गळती' हे शब्द मात्र बव्हंशीं समजतील. म्हणून तोंडांत रेग्युलेटर ठेवून बोलावयाचें असेल त्यानें आपल्या भाषेंतील निवडक शब्द किनाऱ्यावरच पारखून घ्यावे, आणि ओष्ठ्य वर्णांचे शब्द टाळावे. आमच्या शाळांतून वर्णोच्चार ही निरुपयोगी घोकंपट्टी मानण्यांत येते; तिचा उपयोग समुद्राच्या तळाशीं व्हावा हें नवलच म्हटलें पाहिजे.

सबंध मुखवट्यांत ही अडचण नाहीं. तरीहि तेथें दुसरी उभी राहते. तीस मीटर खोलीवर श्वासाची हवा पृष्ठभागाच्या चौपट दाट असते, त्यामुळें स्वर बदलून बोलणें गेंगाणें होतें. म्हणून सावकाश, तुटक आणि थोडक्या शब्दांत बोलावें.

ऐकणाराचे धोके

यंत्राहून ऐकणाराच्या संवयींत धोका अधिक आहे. श्वास सोडला कीं बुडबुडे कानांजवळून खळखळत जातात व शब्द बुडतो; साहजिकच नवशिका ऐकण्यासाठीं श्वास रोखून धरतो. स्कूबाविद्येंत याच्याइतकें घातुक दुसरें कांहीं नाहीं. दहा मीटर खोलीवरून वर येतांना छातींतील हवा फुगून दुप्पट होते. ती बाहेर पडली नाहीं तर फुप्फुस फाटतें. शब्द गेला तर जाऊं द्यावा, पुन्हां विचारावा. श्वास मात्र कधींहि रोखूं नये.

दुसरें असें कीं, पाण्यांत ध्वनीची दिशा कळत नाहीं. वेग चौपटीहून अधिक असल्यामुळें दोन्ही कानांना तो जवळ जवळ एकाच क्षणीं पोंचतो, आणि शब्द सर्व बाजूंनीं आल्यासारखा वाटतो. 'इकडे या' या आज्ञेला तेथें अर्थ नाहीं. आधीं स्वतःचें नांव, मग ठिकाण, मग काम, असा क्रम ठेवावा. मध्यें खडक आला, किंवा बुडलेल्या जहाजाची भिंत आली, तर आवाज अडतो. उथळ पाण्यांत प्रतिध्वनि शब्दांवर शब्द चढवितात.

तिसरा धोका सबंध मुखवट्याचा. हवा संपून सोबत्याचा जादा रेग्युलेटर घेण्याची वेळ आली, तर बहुधा सारा मुखवटाच उतरावा लागतो. त्याबरोबर दृष्टि आणि वाचा दोन्ही एकदम जातात. म्हणून जाणते लोक एक साधा मुखवटा जवळ बाळगतात आणि ही अदलाबदल उथळ पाण्यांत वारंवार गिरवितात.

म्हणून हस्तभाषा टाकावयाची नाहीं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२२ सालीं साध्या मोबाइल फोनवरून पाण्याखालीं निरोप पाठविण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तींत त्यांनीं २४० ठराविक निरोप आधींच भरून ठेवले, आणि ते पाणबुड्यांच्या हातांच्या खुणांवरूनच घेतले. नव्या विद्येनेंहि जुन्या हस्तभाषेचाच आधार घेतला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

बोलावें किती?

आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. जी लहर आपल्याला ऐकूं येत नाहीं ती डॉल्फिनला स्पष्ट ऐकूं येते. त्याची श्रवणशक्ति आपल्याहून कित्येक पट उंच पट्टीपर्यंत पोंचते. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर डॉल्फिन नित्य दिसतात, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. दुसऱ्याच्या घरांत गेल्यावर गरजेपुरतें बोलावें, हा आपला शिष्टाचार तेथेंहि पाळणें योग्य होय.

शिक्षकानें शिष्याला धीर देण्यासाठीं, एकमेकांपासून दूर पडलेल्यांनीं पत्ता कळविण्यासाठीं, होडीला खबर देण्यासाठीं हीं यंत्रें बहुमोल आहेत. परंतु मुलाला प्रथमच समुद्रांत पाठविणाऱ्या पालकांनीं यंत्राची चौकशी शेवटीं करावी. आधीं विचारावें कीं, एका शिक्षकाच्या हाताखालीं किती जण उतरतात, खुणा किनाऱ्यावर नीट गिरवून घेतात कीं नाहीं, आणि शिक्षक मुलापासून हाताच्या अंतरावर राहतो कीं नाहीं. यंत्राची विद्युद्धट संपेल, बुडबुड्यांत शब्द बुडेल. पण हाताच्या अंतरावर असलेल्या जाणत्या माणसाला हांक मारावी लागत नाहीं.