मिस्त्री घडवण्याच्या वाटा

दुकानाचं काउंटर, शोकेस, मागची कपाटं, खोटं छत हे सगळं उभं करणारा मिस्त्री तयार कसा होतो? साठ वर्षांपूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर होतं: उस्तादाच्या हाताखाली. नवा पोरगा आधी सरस शिजवायचा, रंध्याला धार लावायचा, टेपचं दुसरं टोक धरायचा. करवत हाती यायला बराच काळ जायचा. 1959 मध्ये फेव्हिकॉल आला आणि सरसाचं भांडं हळूहळू चुलीवरून उतरलं. प्लायवूड-सनमायकानं सांध्यांचं कसबही मागे पडलं.

सरकारी वाट तेव्हाही होती. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, आयटीआय निघाल्या. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम वर्षभराचा. पण दुकानांच्या कंत्राटदाराला कागदापेक्षा ओळखीतला, गावाकडचा मुलगा भरवशाचा वाटायचा.

हे गणित मॉलनं बदललं. 1999 मध्ये मुंबईत ताडदेवला क्रॉसरोड्स उघडला. पुढच्या दशकात एकाच ब्रँडची दुकानं शहरोशहरी एकाच साच्यात हवी झाली. फूट-इंच-सूत जाऊन ड्रॉइंगवर मिलिमीटर आले. कापणी कारखान्यात पॅनल सॉवर, जोडणी साइटवर, तीही बहुतेक रात्री. ड्रॉइंगमध्ये भिंत सरळ असते. प्रत्यक्षात ओळंबा सोडला की वर दहा-बारा मिलिमीटर बाहेर निघते. कपाट न कापता फिलर पट्टी भिंतीच्या वळणानं तासून फट झाकायची, हे जाणणाराच खरा मिस्त्री. ड्रॉइंग वाचता येणाऱ्या आयटीआयच्या मुलाला आता भाव आला.

2015 च्या पंतप्रधान कौशल्य विकास योजनेनं अल्पमुदतीचे वर्ग आणले, अनुभवी कारागिरांनाही परीक्षा देऊन प्रमाणपत्राची सोय झाली. 2016 पासून शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा काही भार केंद्र उचलू लागलं. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत सुतारांना प्रशिक्षणकाळात रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते.

मदत चांगलीच, पण काही दिवसांच्या वर्गात वाकडी भिंत भेटत नाही. वर्षभर आयटीआय आणि मग साइटवर उमेदवारी, ही जोडवाट आजही सर्वांत पक्की. त्या उमेदवारीत मुलाला नुसतं सामान उचलायला न लावता रोज ड्रॉइंग हाती द्यायला हवं. ही जबाबदारी मात्र कंत्राटदाराचीच.