उलव्यात कोणतं चामडं घ्यावं?

उलवे खाडीकाठचं. पावसाळ्यात हवा इतकी दमट, की कपाटातल्या बुटांवरही बुरशी धरते. म्हणून इथे सोफा, पर्स किंवा बूट घेताना चामड्याइतकंच त्यावरचं फिनिशही नीट पाहायला हवं.

ॲनिलिन फिनिशमध्ये रंग चामड्याच्या आत मुरवतात, वर जाड थर नसतो. कातडीची रंध्रं, जुने ओरखडे, कीटकांच्या चाव्यांचे वण, सगळं दिसतं. स्पर्श फार मऊ, पण तेला-घामाचा डाग लगेच आत शिरतो. पिगमेंट फिनिशमध्ये रंगद्रव्य आणि पॉलिमरचा थर रंध्रं झाकतो, पाणी अडवतो. सेमी-ॲनिलिन या दोहोंच्या मधलं. दुकानदाराला विचारून एखाद्या आडबाजूला पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मुरून तिथे रंग गडद झाला, तर बहुधा ॲनिलिन. तसाच वर राहिला, तर पिगमेंट.

आपली कोल्हापुरी चप्पल या दोन्हींहून वेगळी. तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं चामडं कमावताना वापरलेल्या बाभळीच्या सालीतलं आणि हिरड्यातलं टॅनिन कातडीतल्या कोलॅजेनच्या धाग्यांना घट्ट बांधून ठेवतं, म्हणून ती कुजत नाही. पारंपरिक चपलेवर प्लास्टिकसारखा थर नसल्याने घाम शोषला जातो, तसं पावसाचं पाणीही. पावसाळ्यात ती घालूच नका. कोरडी पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको.

लहान मुलं असलेल्या घरात सोफ्याला मात्र पिगमेंट फिनिशच घ्या.