न पाठवलेलं पोस्टकार्ड

रमजानच्या २९व्या रोजाची संध्याकाळ. आमच्या अहिल्यानगरात, जुन्या तोंडांत अजून नगरच, गच्चीगच्चीवर माणसं उभी असतात. नखाएवढी कोर दिसली की एकच गलका होतो. दिसते ती फक्त कोर, पण उरलेला चंद्र तिथंच आहे, याबद्दल कुणालाही शंका नसते.

विश्वाचंही तसंच आहे. ज्वारी राखणारी गोफण आठवा. ती जितकी जोरात फिरवावी तितकी दोरी भक्कम हवी, नाहीतर धोंडा हातचा सुटलाच. दीर्घिकेतले तारे असेच केंद्राभोवती फिरतात आणि गुरुत्वाकर्षण ही त्यांची दोरी. १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी त्यांचे वेग मोजले. कडेचे तारे एवढे वेगानं फिरत होते, की दिसणाऱ्या द्रव्याची दोरी त्यांना पुरेना. मग धरून ठेवतं कोण? त्या न दिसणाऱ्या द्रव्याला कृष्णद्रव्य म्हणतात. आजच्या प्रचलित हिशेबात ते सुमारे २७ टक्के आहे. तुम्ही, मी, मुळा धरण, सूर्य, तारे हे सगळे मिळून जेमतेम ५ टक्के. उरलेली कृष्णऊर्जा. विश्व नुसतं प्रसरण पावत नाही, तर त्याचा वेगही वाढतो आहे, असं १९९८ साली दिसलं. ते या ऊर्जेमुळे, असं मानतात.

बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, हे प्रसरण सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी महास्फोटानं सुरू झालं. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांना प्रसरण मान्य होतं, ती एकच सुरुवात मान्य नव्हती. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थितीचा विचार पुढे नेला. विश्व पसरतं तसं नवं द्रव्य निर्माण होत राहतं, म्हणून त्याचं रूप बदलत नाही, असा तो विचार. १९६५मध्ये आकाशातल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि पारडं महास्फोटाकडे झुकलं. नारळीकरांनी आपल्या मांडणीत बदल केले आणि १९९३ साली हॉईल व बर्बिज यांच्यासह ती नव्यानं मांडली. तरीही ते अल्पमतातच राहिले. पण १९८८ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या त्यांच्या ‘आयुका’त महास्फोट मानणारेही मोकळेपणानं काम करत राहिले. मला त्यांचं मोठेपण इथं दिसतं.

मुलं सही मागायला आली, की ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. माझं वय ते नव्हतं, तरी प्रश्न होता. ‘तुम्ही मुसलमान, मग कविता मराठीत कशी?’ हे ऐकत मी पन्नाशी ओलांडली. म्हणून विचारायचं होतं, ‘सर, सगळे पलीकडे असताना एकटं वाटत नाही का?’

कार्ड आणलं, पत्ताही लिहिला. २० मे २०२५ रोजी सर गेले. कार्ड टेबलाच्या खणात तसंच आहे. प्रश्नाची जागा कोरी आहे. उत्तर मात्र मला त्यांच्या कामात सापडलं आहे.