समुद्रकिनाऱ्यावरून बर्फात, एकट्याने: आधी डिझेलचं बोला

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्यादरम्यान बर्फात अडकलेल्या गाड्यांच्या रांगा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. तरी नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की प्रश्न ठरलेलाच असतो: कॅम्परव्हॅन घेऊन कोकण किनाऱ्यावरून निघायचं आणि एकट्याने थेट लाहौलच्या बर्फात पोचायचं, जमेल का?

जमेल. अटल बोगद्यामुळे रोहतांगची चढाई टळते. खासगी वापराची कॅम्परव्हॅन परिवहन नियमांत बसते. रस्ता सापडत नाही म्हणून आता कोणी मागे फिरत नाही. मात्र या प्रवासाची चर्चा बर्फ आणि टायर यांच्यापाशीच संपते, आणि ते मला पटत नाही. बर्फ डोळ्यांना दिसतो, त्याची भीती आपोआप वाटते. टाकीत गोठत चाललेलं डिझेल आणि बंद गाडीतली विषारी हवा दिसत नाही.

डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. पारा उतरला की त्या मेणाचे कण तयार होतात, फिल्टर तुंबतो आणि इंजिनापर्यंत इंधनच जात नाही. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेल उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत आणि हिवाळ्यात ६ अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे. त्याखालच्या थंडीची हमी मानक देत नाही. अलिबाग-रत्नागिरीकरांना आयुष्यात कधी याचा विचार करावा लागत नाही. पण बोगद्यापलीकडे सिस्सू-केलांगकडे जानेवारीच्या रात्री तापमान शून्याच्या दहा अंश खाली सहज जातं. किनाऱ्यावर काठोकाठ भरून आणलेली टाकी तिथे सकाळी दगा देते, तीही नेमकी निघायच्या वेळी.

लडाखमध्ये हा प्रश्न इतका जुना आहे की तिथे वर्षानुवर्षं डिझेलमध्ये रॉकेल मिसळत. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं, उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल लडाखसाठी आणलं. पहाडातले ट्रकवाले सकाळी टाकीखाली शेकोटी पेटवतात, तेही अनेकांनी पाहिलं असेल. त्यांचं कसब मला मनापासून थोर वाटतं. पण ज्या गाडीत गादी, पडदे आणि गॅसची टाकी आहे, तिच्याखाली जाळ करायचा नाही, म्हणजे नाहीच. किनाऱ्यावरचं डिझेल जवळपास संपवत वर जा. शेवटची टाकी कुठे भरायची आणि त्यात काय मिसळायचं, हे कुल्लू-मनालीतल्या स्थानिक चालकांना विचारा. गोठणं रोखणारं द्रावण डिझेल पातळ असतानाच टाकावं लागतं, नंतर त्याचा उपयोग नाही. जादा फिल्टर जवळ ठेवा आणि तो बदलायला घरीच शिका. रात्री गाडी अशी लावा की सकाळचं ऊन आधी बॉनेटवर पडेल.

स्वयंपाकाच्या गॅसचंही असंच. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत तग धरतो. आपल्या घरगुती टाकीत दोन्हींचं मिश्रण असतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत टाकी अर्धी भरलेली असूनही शेगडी मिणमिणते.

आणि इथेच खरा धोका सुरू होतो. ऊब हवी म्हणून माणूस दारं-खिडक्या लावून शेगडी किंवा कोळशाची अंगीठी पेटवतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत दगावले; खोलीत गॅसचा हीटर चालू होता. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीजवळ हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ माणसं गेली. तिथे थंडीइतकाच संशय कार्बन मोनॉक्साइडवर होता. धुराची नळी बर्फाखाली गाडली जाते, इंजिन चालूच राहतं आणि धूर आत शिरतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मग झोप येते. सोबत कोणी असेल तर त्याच्या लक्षात येण्याची आशा तरी असते. एकट्याला कोण उठवणार? म्हणून एकट्याच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सीटबेल्टइतकाच सक्तीचा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा धूर नळीने थेट बाहेर जातो असा डिझेल हीटर बसवा. तो नसेल तर जाड रजई, गरम पाण्याची पिशवी आणि थोडी उघडी खिडकी, एवढ्यावर रात्र काढा.

बर्फाआधी एक संकट सपाटीवरच भेटतं. डिसेंबर-जानेवारीत जयपूर सोडलं की दिल्ली, अंबाला, चंदीगडपर्यंत पहाटेचं धुकं इतकं दाट पडतं की पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नाहीत. कोकणातून निघालेला माणूस पहाटे चारला गाडी काढायची सवय घेऊन येतो. ती सवय इथे सोडा. ऊन वर आल्यावर निघा, अंधाराआधी थांबा, एक दिवस जास्त लागला तर लागू द्या.

वरच्या रस्त्यावर बर्फ पडला की पोलीस बहुतेक वेळा साखळ्या लावलेल्या फोर-बाय-फोर गाड्याच पुढे सोडतात. साधी व्हॅन तेव्हा अडवली जाऊ शकते; पुढे सोडली, तर साखळी इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांनाच लावायची असते: विंगरवर बांधलेल्या व्हॅनमध्ये पुढच्या, ट्रॅव्हलरवर बांधलेल्या व्हॅनमध्ये मागच्या. अंगणात दोनदा लावून-काढून पाहा, कारण घाटात बोटं बधिर झाल्यावर कोणी शिकवायला येणार नाही. समुद्रसपाटीवरून तीनेक हजार मीटरवर जाताना मनालीत एक-दोन रात्री काढा, शरीराला सवय होऊ द्या. लाहौलमध्ये जानेवारीत हालडाचा सण असतो. सणाच्या दिवसांत तिथली काही गावं पर्यटन बंद ठेवतात. त्यांचा मान राखा, आधी चौकशी करा.

या प्रवासाला माझा विरोध नाही. किनाऱ्यावरून निघून बर्फापर्यंत एकट्याने जाण्यातला आनंद मोठा आहे, तो प्रत्येकाने घ्यावा. पण भर हिवाळ्यात बोगद्यापलीकडे गाडीत झोपण्याला आहे. दिवसा वर जा, मन भरेपर्यंत बर्फ पाहा, आणि रात्री मनालीत उतरा किंवा गावातल्या कुणाच्या घरी पैसे देऊन राहा. निघण्याआधी घरच्या एका माणसाला रोजचा मुक्काम आणि फोनची वेळ लिहून द्या, आणि ती वेळ पाळा.