मातीतला टायबेरियस

तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, रोमन नाण्यांबरहुकूम घडवलेली मातीची पदके मिळाली आहेत. पुरातत्त्वज्ञ त्यांना ‘बुला’ म्हणतात. नेवासे आणि तेलंगणातील कोंडापूर येथेही ती सापडली. दख्खनच्या कारागिरांनी नमुना म्हणून सर्वाधिक पसंत केली ती सम्राट टायबेरियसची (इ. स. १४ ते ३७) नाणी.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई. या व्यापारात रोमचे सोने-चांदी इकडे येई. भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती.

पदक करण्याची रीत साधी. खरे नाणे ओल्या मातीत दाबायचे, उमटलेला ठसा वाळवून भाजायचा, की साचा तयार. दुसऱ्या बाजूचाही साचा असाच. मग दोन्ही साच्यांमध्ये मळलेल्या मातीची गोळी दाबायची. माती ओली असतानाच वर कडी काढायची किंवा दोरा ओवण्यासाठी भोक पाडायचे. वाळताना आणि भाजताना माती आकसते, त्यामुळे असे पदक मूळ नाण्याहून किंचित लहान होते. पानांचा मुकुट घातलेले मस्तक नीट ओळखू येते. कडेची लॅटिन अक्षरे मात्र बऱ्याचदा नुसत्या रेघा आणि ठिपके होऊन राहतात. अक्षरे वाचणारे इथे कोण होते? हवा होता तो चेहरा. नाण्याचे मोल धातूत असते. मातीत उतरलेले नाणे बाजारात चालत नाही, ते गळ्यात मिरवते. म्हणूनच ही पदके खोटी नाणी नव्हेत, दागिने आहेत.

साच्याचे काम या भागाला नवे नव्हते. तेर, पैठण, भोकरदन येथील पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तीही दुहेरी साच्यातल्याच. पुढे कुंभारकाम करणाऱ्या संत गोरोबाकाकांमुळे तेरचे नाव मातीशी कायमचे जोडले गेले.

राजाचा चेहरा नाण्यावर आणण्याची चाल सातवाहनांनीही उचलली. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारले होते. पुढे त्याच्या स्वतःच्या मुखवट्याची चांदीची नाणीही निघाली.

नामवंतांचा चेहरा मातीत उतरवून लोकांपर्यंत नेण्याच्या याच कल्पनेला अठराव्या शतकात युरोपात बहर आला. फ्रान्समध्ये झां-बाप्तिस्त निनी याने १७७७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनचे भाजल्या मातीचे पदक केले. त्यात फ्रँकलिनच्या डोक्यावर केसाळ कातड्याची टोपी आहे. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडने ‘जॅस्पर’ नावाची बारीक पोताची माती सिद्ध केली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा उठाव देऊन त्याने राजे, शास्त्रज्ञ, दर्यावर्दी यांची पदके विकली. माती आकसण्याचा गुण त्याच्या कारखान्यात कामी आला: भाजलेल्या पदकावरून नवा साचा घेतला की पुढचे पदक आपोआप लहान निघे, आणि मोठे चित्र अंगठीच्या खड्याएवढे करता येई.

तेरचा पुरातन ठेवा गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात जपला आहे. पाँपेईत मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्तीही याच तेरची.